शेवटच्याने फाटक लावायचं

रविवार, २ जून. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. फक्त कामाच्या नोंदी. मनातलं वगैरे काही नाही.

'व्हाइटरिग विचारी सायकलस्वार मंडळ' आज सुरू. संस्थापक गिल्बर्ट लेडलॉ, वय एकसष्ट, काउन्सिलच्या रस्ते खात्यातून निवृत्त (पाट्या विभाग). हेतू: डोंगर सगळ्यांचा आहे. पायी चालणाऱ्यांचा, घोड्यांचा, मेंढ्यांचा. सायकलवाल्याने तिथे पाहुण्यासारखं वागावं. दर रविवारी सकाळी दहाला जंगलाखालच्या कार पार्कमध्ये जमायचं. पोस्टाच्या खिडकीत कागद लावला आहे. ठळक अक्षरं, निळी चौकट.

सामान: ट्यूब तीन, पंप, चेन जोडायचं हत्यार, बँडेज, घंटा (पितळी, नवी), फ्लास्क. चहात साखर तीन चमचे. कप दोन. मंडळ म्हटल्यावर एक कप शोभत नाही.

दुपारी ३

उपस्थिती: एक.

हवा फार चांगली होती. अशा हवेत लोक समुद्रावर जातात. ढग असते तर गर्दी झाली असती.

ड्रू प्रिंगल आला नाही. त्याला बोलावलं नव्हतंच. पोस्ट त्याच्या घरासमोर आहे हा योगायोग.

रविवार, ९ जून

उपस्थिती: दोन. कार पार्कमध्ये एका जर्मन गृहस्थांनी स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांना आधी मंडळाची माहिती दिली. त्यांनी उभ्या उभ्या सगळी ऐकून घेतली. एका जागी स्थिर मात्र नव्हते.

व्हाइटरिगच्या खांद्यावरचं फाटक उघडं सापडलं. वरचं कुरण आणि ओढ्याकडचं कुरण यांच्या मधलं. निष्काळजीपणाची हद्द अशी की उघडंच राहावं म्हणून कोणी तरी ते निळ्या दोरीने दगडी गडग्याला बांधून ठेवलं होतं. तीन मेंढ्या खाली ओढ्याकडे निघाल्या होत्या. घंटा वाजवून त्यांना परत वर घातलं. दोरी सोडून बॅगेत ठेवली. फाटक लावलं, आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडी आवळून बांधली. रबर दोरीपेक्षा चांगलं. उन्हापावसात टिकतं.

कार पार्कच्या पाटीवर लिहिलं आहे, 'फाटक जसं दिसेल तसं ठेवा.' ही पाटी माझ्या आधीच्या साहेबांच्या काळातली. वाक्य ढिलं आहे. अर्थ 'बंद ठेवा' असाच घ्यायचा.

फाटकाची रीत मात्र इथे सगळे पाळतात. पहिला उतरतो आणि फाटक धरून उभा राहतो. बाकीचे जातात. शेवटचा असेल तो 'शेवटचा!' म्हणून ओरडतो आणि लावतो. बावीस वर्षं मी पहिला आणि ड्रू शेवटचा. आम्ही दोघंच असायचो, पण रीत ती रीत. आता मी फाटक धरतो, सायकल पलीकडे नेतो, आणि 'शेवटचा' म्हणतो. मोठ्याने. मेंढ्यांना सवय झालेली बरी.

रविवार, १६ जून

उपस्थिती: एक. पंक्चर: दोन.

सामानाविषयी. या खोऱ्यात सगळ्यांनी टायरमधल्या ट्यूब काढून टाकल्या आहेत. आत पांढरा चीक ओततात. काटा लागला की चीक भोक बुजवतो म्हणे. ड्रूनेही गेल्या वर्षी काढल्या. ट्यूबवर राहिलेला आता मी एकटा. सायकलच्या दुकानात खास माझ्यासाठी मागवतात. मागवताना हसतात. जो तत्त्वाने राहतो त्याला लोक हसतातच.

फाटक पुन्हा उघडं. पुन्हा दोरी. पुन्हा सोडलं, लावलं, पट्टी बांधली.

रविवार, २३ जून

पायी चालणाऱ्यांशी कसं वागावं याचा नमुना घालून दिला. शंभर पावलांवरून घंटा. मग ब्रेक, खाली उतरणं, सायकल कडेला, नमस्कार, हवेविषयी दोन शब्द, कुठून आलात, जेवण आणलं आहे का. एका जोडप्याला वाटेत चार वेळा वाट दिली. चौथ्या वेळी ते घंटा ऐकूनच झाडीत शिरले. घंटेचा आवाज लांब जातो. खरेदी योग्य ठरली.

उपस्थिती: एक.

रविवार, ३० जून

ड्रू दिसला. ओढ्याच्या पलीकडच्या वाटेने चढत होता. चढत कसला, बसला होता. पाय नुसते फिरत होते.

नोंद असावी म्हणून लिहितो. मार्चमध्ये त्याच्या छातीत स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, एक तर चढ सोडा नाही तर विजेच्या मोटरची सायकल घ्या. त्याने मोटरची घेतली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती घेऊन आला. मी कार पार्कमध्ये चार लोकांसमोर एवढंच म्हणालो, की मोटर लावून डोंगर चढणं म्हणजे खुर्चीत बसून पोहणं. त्याने सायकल गाडीवर परत चढवली आणि घरी गेला. मी तत्त्वाचं बोललो होतो. माणसाला हल्ली तत्त्व आणि टोमणा यांतला फरक कळत नाही.

मला काही नाही. रविवार रविवारसारखा जातो.

रविवार, ७ जुलै

दोन महिने पाऊस नाही. वाट धुळीने पिठासारखी झाली आहे. टायरला पकड नाही. दोनदा पडलो, पैकी एकदा थांबलेलो असताना.

पाटी तयार केली. 'कृपया फाटक बंद करा. आपणच जबाबदार आहोत.' पांढऱ्यावर काळं, दुहेरी रंग. फाटकावर ठोकली.

बायको, शीना, अजून कार्लाइलला बहिणीकडेच. नोव्हेंबरात चार वर्षं होतील. तिला तिकडची हवा मानवते.

रविवार, १४ जुलै

पाटी नाही. चोरीला गेली असणार. चांगल्या पाटीला मागणी असते.

फाटक उघडं, बांधलेलं. लावलं.

मेंढ्या आता माझी वेळ ओळखतात. मी फाटक लावलं की सगळ्या येऊन त्याला चिकटून उभ्या राहतात आणि माझ्याकडे बघतात. जनावर कृतज्ञ असतं. एक म्हातारी, काळ्या तोंडाची, फाटकाला टेकून खालीच बसली. शांत. राखणदारासारखी. तिला म्हणालो, लक्ष ठेव.

रविवार, २१ जुलै

काळ्या तोंडाची दिसली नाही. विकली असेल.

फाटकाचा तपास सुरू केला. निष्कर्ष: हे काम विजेच्या सायकलवाल्यांचं. ते वेगात येतात, त्यांना उतरायचा कंटाळा, म्हणून फाटक कायमचं उघडं बांधून ठेवतात. त्यांचा म्होरक्या कोण हे सांगायला नको. दर बुधवारी जातात म्हणे, पाच जण. एवढे लोक त्याला कुठून मिळाले कळत नाही.

उपस्थिती: एक. पंक्चर: एक.

रविवार, ४ ऑगस्ट

माझी पाटी सापडली. मिसेस डॉड्सच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर, छपराला ठिगळ म्हणून. अक्षरं आतल्या बाजूला. नेटा डॉड्स, डोंगर तिच्याकडे, मेंढ्या तिच्या. वय अडुसष्ट, एका खुब्याने लंगडते. पाटी चोरणाऱ्याने तिलाच विकली असणार. बिचारीला काय माहीत.

ठरवलं. आता सभाच घ्यायची. दोषीला सगळ्यांसमोर संधी द्यायची. तो चुकलो म्हणाला तर मी मोठ्या मनाने माफ करीन आणि रविवारी दहाला यायला सांगीन. मोटर असली तरी. हे अर्थात कोणालाही लागू.

रविवार, १८ ऑगस्ट

अकरावा रविवार. फाटक उघडं. लावलं. पट्ट्यांसाठी आता नव्या ट्यूब कापाव्या लागतात.

सभा शुक्रवारी. गावच्या हॉलमध्ये. मनुकांचा पाव पाच. भाषण तोंडपाठ.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

सभा यशस्वी. उपस्थिती: एकोणीस.

मी वीस मिनिटं बोललो. अकरा रविवारांचा तक्ता दाखवला. मग मिसेस डॉड्सना, ज्यांचं नुकसान झालं त्या म्हणून, दोन शब्द बोलायची विनंती केली.

त्या काठी टेकत पुढे आल्या. पिशवीतून काळ्या रबराच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. एकेक करून. अकरा.

म्हणाल्या, वरचा झरा मे महिन्यातच आटला. वरच्या कुरणात पाण्याचा थेंब नाही. मेंढ्यांना ओढ्यावर उतरता यावं म्हणून फाटक त्या स्वतः उघडं बांधतात. दर रविवारी कोणी तरी ते लावतं. दर सोमवारी सकाळी या खुब्याने त्या वर चढतात आणि सोडतात. जुलैत एक म्हातारी मेंढी फाटकापाशीच बसलेली सापडली. उठली नाही.

"कोण ते कळलं तर बरं होईल," म्हणाल्या. "मला दुसरं काही नको."

अध्यक्ष म्हणून मी सभेला शांत राहण्याची सूचना केली. सभा शांतच होती.

तेव्हा मागच्या रांगेतून ड्रू उठला. "मी लावत होतो," म्हणाला.

सगळ्यांनी ड्रूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. साहजिक आहे, अध्यक्ष मी होतो.

मिसेस डॉड्सनी विचारलं, "तू?"

"हो. रविवारी जात होतो. उघडं दिसलं, लावलं."

त्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, बरं, मग मेंढ्या हिवाळ्यासाठी खाली येईपर्यंत व्हाइटरिगला येऊ नकोस. तो नाही येणार म्हणाला आणि खाली बसला. मी तशी नोंद केली.

त्यानंतर सभा लांबली. कोणी उठेना. पाव संपला, चहा दोनदा झाला, तरी लोक बसूनच. फारसं कोणी बोलतही नव्हतं. विषयाने लोकांना किती पकडलं होतं याची ही खूण. शेवटी मीच दिवे मालवले.

शनिवार, २४ ऑगस्ट

ट्यूबच्या पट्ट्या अनेक लोक वापरतात.

रविवार, २५ ऑगस्ट

गेलो नाही. सर्दी.

ड्रूचं मला कळत नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी बोलणारच होतो. एक-दोन मिनिटांत बोललो असतो. मध्ये उठून त्याने माझी संधी घेतली.

मंगळवार, २७ ऑगस्ट

मिसेस डॉड्सना पत्र लिहिलं. सविस्तर. चार पानं. उद्या टाकतो.

गुरुवार, २९ ऑगस्ट

पत्रात पाटीच्या शब्दरचनेवर दोन पानं आहेत. ती कमी करावीत का? करू नयेत. मुद्दा तोच आहे.

रविवार, १ सप्टेंबर

एकटा गेलो. म्हणजे मंडळ गेलं. फाटक उघडं, निळ्या दोरीने बांधलेलं. हात लावला नाही. जिथे काळ्या तोंडाची बसली होती तिथे लोकरीचा एक पुंजका काट्याला अडकला होता.

'शेवटचा' म्हणालो नाही. काही लावायचंच नव्हतं.

चहा ओतून टाकला. मला गोड आवडत नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

पत्र एका पानावर आलं. पोस्टात टाकायला गेलो. मंडळाचा कागद खिडकीत अजून आहे. उन्हाने निळी चौकट उडाली आहे. समोर ड्रूच्या दारात त्याची सायकल उभी होती. धुतलेली. टायरवर वाळलेल्या पांढऱ्या चिकाचे ठिपके.

पेटीत न टाकताच परत आलो. घाई होती.

रविवार, १५ सप्टेंबर

आज गेलो. मिसेस डॉड्सकडे. सायकलवरून नाही, चालत. काय बोलायचं ते वाटेत तीन प्रकारे म्हणून पाहिलं. तिसरा प्रकार उत्तम होता.

मेंढवाड्यात त्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल खुणा करत होत्या. मी बॅगेतून निळ्या दोऱ्या काढल्या. अकरा. कठड्यावर ठेवल्या. तिसरा प्रकार आठवेना. म्हणालो, हे तुमचं.

त्यांनी हातातली मेंढी सोडली नाही. "वेळ लावलास, गिल्बर्ट."

मी म्हणालो, ड्रूचा काही संबंध नाही. त्याच्यावरची बंदी उठवा.

"कसली बंदी? तो दर बुधवारी येतो."

मला समजेना. त्यांनी खुणेचा डबा खाली ठेवला. ड्रूच्या चाकात ट्यूब असते का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. मग खोऱ्यात कोणाच्या चाकात असते? मी कठड्यावरच्या दोऱ्या सरळ केल्या. त्या म्हणाल्या, ड्रू उठला तेव्हाच अख्ख्या हॉलला कळलं. खरं तर पिशवी उघडली तेव्हाच.

मग तुम्ही गप्प का राहिलात, मी विचारलं.

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो सगळे. पाव संपेपर्यंत थांबलो. दोनदा चहा प्यायलो. त्या दिवसाच्या चहाने मला रात्रभर झोप नाही."

मग मी माफी मागितली. काळ्या तोंडाच्या म्हातारीचीही मागितली. त्यांनी मान हलवली आणि पुढची मेंढी धरली. दुसरी धरायला मदत करू का विचारलं. नको म्हणाल्या, तू लांबच बरा. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ते फाटक तिकडचं लाव जाताना. मी दोनदा विचारलं, लावू ना? लाव रे बाबा, म्हणाल्या.

रविवार, २२ सप्टेंबर

ड्रूकडे गेलो. दारातच होता, ब्रश घेऊन चेन घासत. खुर्ची दिली नाही, उलटी बादली दिली. बसलो.

मी म्हणालो, तू का उठलास. तो म्हणाला, तुझे कान लाल झाले होते. बावीस वर्षं मागून तेच बघतोय.

खुर्चीत बसून पोहण्याबद्दल मी काही बोलावं असं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, मोटरचा आवाज फार येत नाही, नाही का. तो म्हणाला, नाही. आम्ही दोघं चेन बघत बसलो.

मग म्हणाला, बुधवारी ये. मी म्हणालो, मी मोटर लावणार नाही.

"लाव कोण म्हणतंय? मागून ये."

बुधवार, २ ऑक्टोबर. संध्याकाळ

उपस्थिती: सहा. मंडळ त्यांचं, वही माझी.

पाच विजेच्या सायकली. सरासरी वय सदुसष्ट. चढावर ते गप्पा मारत होते. मला पहिल्या वळणापर्यंत ऐकू आल्या.

पहिल्या फाटकाला पाचही जण धरून उभे होते. मी पोचलो, 'शेवटचा' म्हणालो, लावलं. एक जण टाळ्या वाजवायला निघाला होता, ड्रूने त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या फाटकाला ड्रू एकटाच होता. बोलायला श्वास नव्हता, म्हणून हात वर केला. त्याने चालवून घेतलं.

तिसरं व्हाइटरिगचं. तिथे कोणी नव्हतं. फाटक उघडं.

सायकल आडवी ठेवून उभा राहिलो. दोन शक्यता. एक, मिसेस डॉड्सनी उघडं ठेवलं आहे. तर हात लावायचा नाही. दोन, ते बंद होतं आणि पुढच्यांनी माझ्यासाठी उघडं सोडलं; तर लावायचं, कारण शेवटचा मी. दोरी दिसत नव्हती. पण दोरी नाही हा काही पुरावा नाही. पाऊस झाला आहे, झरा पुन्हा वाहतो. पण मेंढ्या दोन्ही बाजूंना होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

तीस वर्षं पाट्या केल्या. जिथे एक हवी होती तिथे नव्हती.

फोनला रेंज नाही. गडग्याला टेकून बसलो. फ्लास्क काढला, दोन्ही कप काढले. चहा ओतला नाही, लगेच निवतो. पस्तीस मिनिटं गेली. ढग खाली आले.

मग ड्रू आला. पलीकडून, परत चढून. लांबूनच विचारलं, पडलास का.

मी विचारलं, हे उघडंच होतं, की तुम्ही ठेवलंत?

तो उतरला. माझ्याकडे बघत राहिला. हसेल असं वाटलं होतं.

"तुझ्यासाठी ठेवलं होतं, गिल."

त्याला चहा दिला. एक घोट घेऊन थांबला. साखर मार्चपासून बंद आहे म्हणाला. मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं. तरी कप त्याने खाली ठेवला नाही, गार होईपर्यंत हातात धरून बसला. बाकीचे कॅफेत थांबून आता घरी गेले असतील, म्हणाला. मी म्हणालो, तूही जा. तो गेला. मी फाटक लावलं, 'शेवटचा' म्हणालो. त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. उतारावर तो वेगात जातो.

खाली मागची ट्यूब फुटली. बॅगेत तीन होत्या. पंप घरी राहिला. अडीच मैल चालत आलो.

पुढच्या बुधवारी मी तासभर आधी निघावं असं सगळ्यांचं मत पडलं आहे. ड्रूचा तसा फोन आला होता. म्हणजे पुन्हा मी पहिला. फाटकं मीच धरीन.

सामान: ट्यूब तीन, पंप, घंटा, फ्लास्क. साखर नाही. कप दोन.